कॉलेज किती वाजता भरावं?

आग्रही : नांदेड आणि लातूर या शहरांत कॉलेजच्या इमारतींना तोटा नाही, मॅडम. तोटा आहे तो वेळेचा. पाच वाजले की शिपाई कुलूप घेऊन उभा राहतो, आणि नेमक्या त्याच सुमाराला शहरातला एक मोठा वर्ग कामावरून सुटायला लागतो. बारावीनंतर शिकायचं होतं, पण घरच्या परिस्थितीने कुणाला दवाखान्यात, कुणाला एमआयडीसीत, कुणाला सेतू केंद्राच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, अशी ही पोरं. माझी मागणी लहान आहे. पदवीची एक तरी तुकडी संध्याकाळी सहा ते नऊ भरवा. यात नवं काही नाही. जोतिरावांनी १८५५ मध्ये पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत १९११ मध्ये ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. त्याच जोशींबरोबर तरुणपणी काम केलेला एक माणूस पुढे मराठवाड्यात आला, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवू लागला आणि संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. १९९४ मध्ये औरंगाबादच्या विद्यापीठातून वेगळं निघालेलं नांदेडचं आपलं विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. नाव कामगारांत घडलेल्या माणसाचं, आणि वेळापत्रक मात्र ज्याचा बाप दरमहा पगार आणतो त्या पोराच्या सोयीचं. हे मला खटकतं.

शंकेखोर : खटकावं असंच आहे, सर. पण तुम्ही दाखवलेली संध्याकाळ मुंबईची आहे. गिरणीचा भोंगा वाजला की हजारो माणसं एकदम मोकळी होत, आणि रात्रशाळा त्या भोंग्याच्या भरवशावर उभी राहिली. नांदेडलाही कधीकाळी उस्मानशाही मिल होती, तिच्या काळात तुमचा युक्तिवाद चालला असता. आता मिल नाही, भोंगाही नाही. आज नांदेडातलं शिकण्याच्या वयाचं पोरगं कामाला कुठे जातं ते बघा. वजिराबादेत कापडाच्या दुकानात, मोबाइलच्या दुकानात, मेडिकलवर, हॉटेलात. लातुरात गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर जेवढी दुकानं आहेत, तेवढ्यांना हाताखाली पोरगं लागतं. ते कामावर येतं दहाला आणि सुटतं रात्री नऊला. सहा ते नऊ ही तर गिऱ्हाइकाची वेळ! दिवाळीच्या, लग्नसराईच्या दिवसांत मालकाला सांगून बघा, की पोराला सहाला सोडा, त्याला राज्यशास्त्राचा तास आहे. मोंढ्यातही तेच. दिवसभर आलेल्या तुरीचा, सोयाबीनचा हिशेब दिवेलागणीलाच लागतो आणि आडतीवर लिहिणारा पोरगा त्या वेळी वहीत मान घालून बसलेला असतो. राहिले दवाखान्यातले. त्यांची ड्युटी आठवड्याला फिरते. त्यांना धड दिवसही मिळत नाही, धड संध्याकाळही नाही. मग सहाला येणार कोण?

आग्रही : दुकानातल्या पोरांचं मान्य करतो, त्यांचा विचार मी पुरेसा केला नव्हता. पण जिल्हा परिषदेत कंत्राटावर बसलेला ऑपरेटर, बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक, खाजगी शाळेतला लिपिक, पतसंस्थेचा वसुली करणारा, बांधकामावर सुपरवायझरी करणारा बारावी पास, यांचं काय? हे साडेपाच-सहाला सुटतात. आणि हे सगळे आज शिकत नाहीत असंही नाही. हे सगळे आपल्याच कॉलेजांत आहेत, तुमच्या-माझ्या हजेरीपटावर आहेत! जूनमध्ये प्रवेश घेतात, फॉर्म भरायला येतात, परीक्षेला येतात. मधल्या काळात त्यांचा चेहरा आपल्याला दिसत नाही. नॉन-अटेंडिंग म्हणतो आपण त्याला, तेही अगदी सहज, जणू विद्यापीठाने मान्यता दिलेली ती एक शाखाच आहे. नियमात ७५ टक्के हजेरी आहे. वर्गात ऐंशीपैकी बारा जण बसतात. हे प्राचार्यांना माहीत आहे, संस्थाचालकांना माहीत आहे, तपासणीला येणाऱ्या समितीला माहीत आहे. समिती येते त्या दिवशी वर्ग भरलेला असतो एवढंच. म्हणून मी म्हणतो, मराठवाड्यात रात्रीचं कॉलेज कधीपासून सुरू आहे. त्याला प्रवेश आहे, फी आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, निकाल आहे. नाही ते फक्त शिकवणं. मी तेवढंच त्यात घालू पाहतोय. त्या पोराला तीन वर्षांत एकदाही कुणी अर्थशास्त्र समजावून सांगितलेलं नसतं. गाइड वाचून तो बी.ए. होतो आणि पुढे आपणच म्हणतो, पदवीला काही दर्जाच राहिला नाही.

शंकेखोर : रोगाचं वर्णन तुम्ही अचूक केलंत. औषधाबद्दल माझी शंका आहे, आणि ती तीन ठिकाणी आहे.

पहिली, शिकवणार कोण? दिवसाच्या वर्गालाच मंजूर जागा भरलेल्या नाहीत. कायमचे प्राध्यापक सहानंतर थांबणार नाहीत, आणि घर-संसार असलेल्या माणसाने थांबावं असा आग्रह मीही धरणार नाही. म्हणजे संध्याकाळची तुकडी तासिका तत्त्वावरच्या मुलांच्या गळ्यात. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही मुलं तासाच्या हिशेबाने मोबदला घेतात, तोही महिनोन्‌महिने रखडतो. दिवसाला खरे मास्तर आणि संध्याकाळला रोजंदारीचे, अशी वाटणी पहिल्याच वर्षी होईल.

दुसरी शंका साध्या गुणाकाराची. नव्या शैक्षणिक धोरणात एका श्रेयांकाला पंधरा तास अध्यापन. सत्राला वीस ते बावीस श्रेयांक. बावीस धरले तर सत्राला ३३० तास, पंधरा आठवड्यांत बसवायचे म्हणजे आठवड्याला बावीस. तुमचे सहा ते नऊ, सोमवार ते शनिवार, होतात अठरा. चार तास आधीच कमी. त्यात प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास लागतात, म्हणजे विज्ञान शाखेचं नावच काढू नका. (कंसात सांगायला हरकत नाही : हा गुणाकार विद्यापीठाच्या बैठकीत व्हायला हवा, तो इथे दोन मास्तरांच्या वादात होतोय.)

तिसरी शंका मला सर्वांत जास्त छळते. लातूरने पस्तीस-चाळीस वर्षांत काय केलं ते आठवा. शाहू कॉलेजने पॅटर्न उभा केला तो कॉलेजच्या वर्गात, कॉलेजच्या मास्तरांच्या जिवावर : जादा तास, सराव परीक्षा, सुट्टीतही शिकवणं. ते यश बघून भोवती खाजगी क्लासेसचं गाव वसलं. आज अकरावी-बारावीचं पोरगं पहाटेपासून रात्रीपर्यंत ट्यूशन एरियात असतं आणि कॉलेजात त्याचं फक्त नाव असतं. कॉलेजचा दिवस आपण एकदा क्लासवाल्यांना देऊन टाकला. आता पदवीचाही दिवस मालकांना देऊन टाकायचा? संध्याकाळची सोय झाली रे झाली, की मालक म्हणेल, "तुझं कॉलेज सहाला ना, मग दिवसभर इथेच." बाप म्हणेल, "दिवसा मोकळाच आहेस, तर शेतावर ये." आज निदान सांगायला तरी आहे, की दुपारी मला कॉलेज असतं.

आग्रही : शेवटच्या मुद्द्यावर आधी बोलतो. "सांगायला आहे" असं तुम्ही म्हणता. कुणाला? ज्याच्या घरी चूल त्याच्या मजुरीवर पेटते, त्याला हे वाक्य कधीच कामी आलेलं नाही. ज्यांच्या कामी येतं त्यांचा दिवस मी मागतच नाही.

आता गुणाकार. तुमचे आकडे बरोबर आहेत, पण गृहीत चूक आहे. पदवी तीनच वर्षांत संपली पाहिजे असं आता कुठे राहिलंय? धोरणाने सात वर्षांपर्यंत मुदत दिली आहे, मध्ये सोडून परत यायची सोय दिली आहे, मिळवलेले श्रेयांक क्रेडिट बँकेत जमा राहतात. दिल्लीत बसून ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांपुढे कदाचित परदेशातलं विद्यापीठ असेल; पण याचा खरा उपयोग कुणाला व्हायचा असेल तर तो लोह्याच्या, औशाच्या नोकरी करणाऱ्या पोराला. सत्राला चौदा श्रेयांक घ्या. आठवड्याला चौदा तास झाले, म्हणजे पाच संध्याकाळी रोज तीन तासांना थोडे कमीच. पदवीला साडेचार-पाच वर्षं लागतील. लागू द्या! नाहीतरी आज तो एटीकेटी देत देत तेवढीच घालवतो.

आणि संध्याकाळ हा माझा हट्ट नाही. बाबासाहेबांनी २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं ते सकाळी भरणारं, कचेरीत नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना दहाच्या आत शिकून कामावर जाता यावं म्हणून. आजही मुंबईत कितीतरी वाणिज्य महाविद्यालयं सकाळी सातला भरतात. तुमच्या वजिराबादेतलं पोरगं दहाला दुकानात जातं ना? मग सात ते साडेनऊ त्याला द्या. संध्याकाळ लिपिकाला, सकाळ दुकानातल्या पोराला. दोन तुकड्या काढा.

शंकेखोर : सकाळी सात. सर, तुम्ही नांदेड शहरात राहता म्हणून हे बोलता. विद्यापीठ आहे विष्णुपुरीला, शहराच्या बाहेर. कॉलेजं शहरात असली तरी पोरं गावातून येतात. मुखेड, कंधार, नायगाव, इकडे रेणापूर, चाकूर, निलंगा, बहुतेकांचं शिक्षण अप-डाउनवर चाललंय. गावातली पहिली गाडी कोणती? रात्री मुक्कामी आलेली एसटी. ती पहाटे निघते, दहा गावं घेत शहरात पोचते तेव्हा आठ-साडेआठ झालेले असतात. आणि संध्याकाळची शेवटची गाडी कोणती? तीच मुक्कामी. ती सहा-सातला शहर सोडते. या दोन गाड्यांच्या मधला जो वेळ उरतो, तेवढंच खेड्यातल्या पोराचं विद्यापीठ. तुमची सकाळची तुकडी पहिल्या गाडीच्या आधी भरते, संध्याकाळची शेवटच्या गाडीनंतर सुटते. म्हणजे दोन्ही तुकड्या शहरात खोली करून राहणाऱ्यासाठी. खोली आणि मेसचे पैसे ज्याच्याकडे आहेत, तोच दिवसाही येऊ शकतो.

आणि सकाळ काही रिकामी पडलेली नाही. पोलीस भरतीची निम्मी पोरं पहाटे पाचपासून मैदानावर असतात. सोळाशे मीटर पळून, गोळा फेकून आठला घरी येतात, मग अभ्यासिकेत जातात. त्यांच्या लेखी पदवी म्हणजे अर्जातला एक रकाना. त्यांना सकाळी सातला शेक्सपिअर शिकवायला मी जाईन, पण समोर कोण असेल?

आग्रही : एसटीचं वेळापत्रक देवाने लिहिलेलं नाही. शाळा सुटण्याच्या वेळा बघून आगारं गाड्या पुढे-मागे करतात, तालुक्यातल्या मुलींना शाळेत आणण्यासाठी मानव विकासच्या निळ्या बस वेगळ्या सोडल्या. विद्यार्थ्यांना पासमध्ये दोन तृतीयांश सवलत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडीच्या वेळेसाठी कॉलेज बदलायचं नाही आणि कॉलेजसाठी गाडीचीही वेळ बदलायची नाही, असं म्हणत बसलो तर तुमचा दिवसही असाच बारा डोक्यांचा राहील. चाळीस पोरांच्या सह्यांचा अर्ज आगारप्रमुखाला कधी कुठल्या प्राचार्याने दिलाय का? आणि शेतीचं विचाराल तर दिवसाचं कॉलेज खेड्यातल्या पोराला सोयीचं आहे हाही भ्रम आहे. पंपाची लाईट आलटून पालटून येते, कधी दिवसा, कधी रात्री. हरभऱ्याला पाणी देताना रात्रभर बांधावर उभा राहिलेला पोरगा सकाळी अकराच्या तासाला येतो आणि झोपतो. ऑक्टोबरात सोयाबीनची रास सुरू झाली की पंधरा दिवस वर्गात कुणी नसतं. त्याला रोजची वेळ बदलूनही भागणार नाही, सत्रच हलवावं लागेल. हे माझ्या बाजूचं नाही, मला कळतंय. पण दिवसाच्याही बाजूचं नाही.

शंकेखोर : नाहीच. आता बायकांच्या अर्ध्या तिकिटाचा विषय तुम्ही काढलात, तर ज्यासाठी मी इतका वेळ थांबले होते ते बोलते. संध्याकाळ ही पुरुषाची मोकळी वेळ आहे. आपण दोघं इतका वेळ दुकानातला पोरगा, बँकेतला पोरगा, मैदानावरचा पोरगा असंच म्हणत आलोय, लक्षात आलं का? मुलीला संध्याकाळी सहाला तास ठेवणं म्हणजे तिच्यासाठी दार बंद करणं, हे उघडच आहे. रस्त्यावरच्या दिव्यांपासून टवाळखोरांपर्यंत सगळी कारणं तुम्हाला माहीत आहेत, त्यात मी वेळ घालवत नाही. मला त्याच्या पलीकडचं सांगायचंय.

बी.ए.च्या दिवसाच्या वर्गात आज मुली जास्त दिसतात. सगळ्या समाजशास्त्राच्या ओढीने येतात असं मी म्हणणार नाही. मराठवाड्यात बालविवाहाचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. बारावी झालेल्या मुलीला घरात ठेवलं की स्थळं येतात. "ती कॉलेजला जाते" या एका वाक्यावर ती तीन वर्षं ढकलते. हे वाक्य खरं ठरायला तिला रोज सकाळी दप्तर घेऊन गाडीत बसावं लागतं, मैत्रिणी लागतात, ग्रंथालय लागतं, एनएसएसचं शिबिर लागतं. कॉलेज तिच्यासाठी शिकण्याची जागा आहे त्याहून जास्त घराबाहेर असण्याची परवानगी आहे. आता समजा, विद्यापीठाने सांगितलं की वेळ तुमच्या सोयीने निवडा. मुलाला दिलेली निवड मुलगा करतो. मुलीला दिलेली निवड तिचा बाप करतो, आणि तो सगळ्यात कमी बाहेर पडावं लागेल ती करतो. हे मी कल्पनेने बोलत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं ते शिक्षणाला मुकलेल्यांसाठी. त्याने लाखोंचं भलं केलं, नांदेडला त्याचं विभागीय केंद्र आहे, रविवारची संपर्क सत्रं असतात. पण "मुक्तमधून कर की, रोज जायची काय गरज," हे वाक्य मी मुलींच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य दुसऱ्याचं होतं. दिवसाचं कॉलेज सक्तीचं आहे म्हणून तिला जाता येतं. तुम्ही सक्ती काढून पर्याय दिलात, की तिची ढाल गेली.

आग्रही : याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण तुमच्या मुलीला आणखी काही वर्षं पुढे नेऊन बघा. बारावी होऊन लग्न झालं, दोन लेकरं झाली, आता ती सत्तावीस वर्षांची सून आहे. अंगणवाडीत मदतनीस आहे, किंवा घरीच आहे. तिला मोकळा वेळ कधी असतो? सकाळ स्वयंपाकाची, डब्यांची. संध्याकाळ पुन्हा स्वयंपाकाची. तिची वेळ साडेबारा ते चार, लेकरं शाळेत असतात तेव्हाची. तुम्ही म्हणालात संध्याकाळ पुरुषाची, बरोबर. मग दुपार बाईची. दुपारची तुकडी काढायला नको का? दिवसाच्या आजच्या वेळापत्रकात ती येऊ शकत नाही, कारण तिथे अकरा ते पाच सलग बसावं लागतं. तीन तास सलग, आठवड्यातून चार दिवस, असं वेळापत्रक ठेवलं तर ती येईल. त्याला श्रेयांकांची सवलतही आहे. तुमची सक्ती मुलीला वाचवते हे मी मान्य करतो, मॅडम. पण ज्या मुलींना ती वाचवू शकली नाही, ज्यांचं सतराव्या-अठराव्या वर्षी उरकलं, त्यांना तीच सक्ती दाराबाहेर ठेवते. लेकीसाठी कडी लावलीत, सून बाहेर राहिली.

शंकेखोर : हो. एकाच नियमाने एकीचं भलं होतं आणि दुसरीचं नुकसान. म्हणून मला वाटतं, वेळ निवडण्याची मोकळीक सगळ्यांना देऊ नये, अट घालावी. बारावीनंतर निदान तीन वर्षांचा खंड पडलेला असेल किंवा नोकरीचा दाखला असेल, त्यालाच वेगळ्या वेळेची तुकडी. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुला-मुलींना दिवसाचाच वर्ग.

अट घालायला आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायच्या तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, एवढी मुख्य अट. बघा गंमत. तुम्ही संध्याकाळची तुकडी काढाल कामकऱ्यासाठी, आणि पहिल्या रांगेत बसेल तो दिवसाचं बी.कॉम. करून जोडीला दुसरी पदवी गाठीला बांधू पाहणारा. फी वेळेवर भरेल, हजेरीही देईल. संस्थाचालक खूश. वर्ग भरला म्हणजे योजना यशस्वी, असा अहवालही जाईल.

आग्रही : तो आला तर येऊ द्या, पण जागा त्याने अडवू नये हे बरोबर. तुमची अट मात्र मला धोक्याची वाटते. नोकरीचा दाखला कुणाकडे असतो? जिल्हा परिषदेच्या कंत्राटी ऑपरेटरकडे असतो. आडतीवरच्या पोराकडे नसतो, हॉटेलातल्याकडे नसतो, रोजंदारीवर जाणाऱ्या बाईकडे तर नसतोच. मालक लेखी देत नाही, उद्या तेच कागद कामगार अधिकाऱ्यापुढे जातील म्हणून. म्हणजे दाखला मागितला की सगळ्यात गरजू तोच गळणार आणि खोटा दाखला आणणारा आत येणार. खोटे दाखले किती सहज मिळतात हे मराठवाड्यात सांगायला नको. आणि खंडाची अट? परवा बाप गेला, घरात मोठा हाच, वय एकोणीस. त्याला सांगू का, तीन वर्षं थांब, मग तुझी संध्याकाळ सुरू होईल?

शंकेखोर : त्याच्यासाठी काम कॉलेजात आणता येईल. कर्मवीरांनी वेळ हलवली नव्हती. १९४७ मध्ये साताऱ्याला शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा पोरांनी तिथेच राबावं आणि तिथेच शिकावं अशी रचना केली. कमवा आणि शिका.

आग्रही : आणि आज त्या नावाच्या योजनेत काय मिळतं? कार्यालयात फायली लावायचं, बागेला पाणी घालायचं काम, दिवसाचे दोन-तीन तास, तेही मोजक्या मुलांना. स्वतःच्या मेसचा खर्च निघाला तर नशीब. ज्याला घरी पैसे पाठवायचेत त्याला हे पुरत नाही. कर्मवीरांकडे विहीर होती, शेत होतं, मुख्य म्हणजे कर्मवीर होते.

शंकेखोर : बरं, तेही राहू द्या. आणि वकिलीचंही सोडून द्या; तिथे बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळेत आणि आठवड्याला तीस तास ठेवलेत, तुमच्या लिपिकाला तिथे जागाच नाही. साध्या बी.ए., बी.कॉम.पुरतं बोलू. मी तुमच्यापेक्षा कमी बदल मागते आणि तो जास्त अवघड आहे. एका सत्रापुरती, दिवसाच्या वर्गात खरी हजेरी घ्या. जो येत नाही त्याला बोलावून विचारा : का येत नाहीस, किती वाजता येऊ शकशील, गाडी कोणती, काम कोणतं, घरी कोण. त्या उत्तरांवरून तुकड्या ठरवा. कदाचित संध्याकाळ निघेल, कदाचित दुपार, कदाचित फक्त शनिवार-रविवार. आज आपण दोघं अंदाजाने बोलतोय. दिल्लीत सांध्य महाविद्यालयं आहेत, त्यातलं दयालसिंग २०१७ मध्ये दिवसाचं झालं. एकदा ज्या वेळेसाठी गरज होती ती वेळ पुढे उरतेच असं नाही. मोजल्याशिवाय बांधलेली तुकडी आपल्याकडे दोन वर्षांत नॉन-अटेंडिंग होईल, फक्त या खेपेला रात्रीच्या वेळेची.

आग्रही : खरी हजेरी घेतलीत तर पहिल्या सत्रात काय होईल ते मी सांगतो. कामावर जाणारे सगळे ७५ टक्क्यांच्या खाली जातील आणि परीक्षेला मुकतील. तुमची माहिती त्यांच्या नापासावर गोळा होईल. आणि ज्याला बोलावून विचारायचंय तो तुम्ही बोलावल्यावर येणार कधी? अकराला? म्हणून आधी तुकडी, मग हजेरी. चौदा श्रेयांक, चाळीस जागा, कायमचे दोन प्राध्यापक, कुठलाही दाखला नाही. त्यांना पर्यायी वर्ग मिळाल्यावर मग दिवसाच्या वर्गात जितकी कडक हजेरी घ्यायची तितकी घ्या, मी स्वतः घेतो.

शंकेखोर : दाखला नाही म्हणता, म्हणजे एकोणीस वर्षांची मुलगीही त्या चाळीसात येऊ शकते. तिच्या बापाला तुमचं माहितीपत्रक दिसेल : पाच वर्षं, आठवड्यातून काही तास, रोज जायला नको. तो म्हणेल, हेच बरं. आणि पाच वर्षांच्या पदवीत दुसऱ्याच वर्षी तिचं लग्न होईल.

आग्रही : तिच्यासाठी तुकडी सहाची ठेवा, म्हणजे बापच नको म्हणेल. सुनेसाठी साडेबाराची ठेवली की तो हो म्हणेल. इथे येऊन मी अडतो. एकाच इमारतीत सहाची तुकडी कुठलाही दाखला न मागता चालवता येईल, असं मला अजूनही वाटतं. साडेबाराचीला वयाची अट घालावी की नाही, ते तुम्ही सांगा. आणि घातलीत, तर सतराव्या वर्षी लग्न होऊन एकोणिसाव्या वर्षी दारात उभ्या राहिलेल्या पोरीला कोणत्या वर्गात बसवायचं, तेही.